दोन डोस घेतलेल्या मुलांचं गालगुंड: न्यूयॉर्क, २००९-१०

"डॉक्टर, दोन्ही डोस दिलेत हो. कार्ड बघा ना."

चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईने प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेलं लसीकरणाचं कार्ड टेबलावर ठेवलं. मुलाचा डावा गाल कानाखाली इतका सुजला होता की कानाची पाळी वर आणि बाहेर ढकलली गेली होती. जबड्याचा कोपरा बोटांना लागतच नव्हता. कार्डावर एमएमआरच्या, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एकत्र लसीच्या, दोन नोंदी होत्या, तारीख-शिक्क्यासकट. आईचा प्रश्न सरळ होता: मग लस फुकट गेली का?

ओपीडीच्या गर्दीत या प्रश्नाला "होतं असं कधी कधी" इतकंच उत्तर मिळतं. आईचं त्याने समाधान होत नाही, आणि होऊ नये. नीट उत्तर द्यायचं तर मला दरवेळी एकाच साथीकडे वळावं लागतं: जून २००९ ते जून २०१० या वर्षभरात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या सनातनी ज्यू वस्त्यांमध्ये पसरलेली गालगुंडाची साथ. लस घेतलेल्या माणसाला गालगुंड का होतं, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

शिबिरातून वस्तीत

११ वर्षांचा एक मुलगा १७ जून २००९ रोजी इंग्लंडहून अमेरिकेत परतला. इंग्लंडमध्ये तेव्हा गालगुंडाची साथ चालू होती आणि रुग्ण मुख्यतः तरुण होते. तिकडे एमएमआर लस १९८८ मध्ये सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांना दोन डोस कधी मिळालेच नव्हते.

परतल्यावर हा मुलगा न्यूयॉर्क राज्यातल्या सलिव्हन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिराला गेला आणि २८ जूनला त्याचा गाल सुजला. तारखांचं गणित जुळतं. विषाणू शरीरात शिरल्यापासून सूज दिसेपर्यंत साधारण १६ ते १८ दिवस जातात, कधी १२, कधी २५ सुद्धा. म्हणजे मुलगा विमानात बसला तेव्हाच विषाणू त्याच्या अंगात होता, आणि बघणाऱ्याला तो ठणठणीत दिसत होता.

शिबिरात आणखी मुलं आजारी पडली. उन्हाळा संपला, मुलं आपापल्या घरी गेली आणि त्यांच्याबरोबर साथ न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनमध्ये, रॉकलंड आणि ऑरेंज या काउंटींमध्ये आणि न्यू जर्सीतल्या ओशन काउंटीत पोचली. पुढे ती जेरुसलेमपर्यंत गेली आणि तिथेही तिने बहुतेक धर्मशाळांतल्या मुलांनाच गाठलं. वर्षभरात अमेरिकेतल्या या भागात ३,५०२ रुग्ण नोंदले गेले. मृत्यू एकही नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. याच भागात २०१८-१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली होती. ती मुख्यतः लस न घेतलेल्या मुलांमध्ये पसरली, आणि तेव्हापासून "त्या लोकांना लसच नको असते" असं सरसकट बोललं जातं. २००९ च्या गालगुंडाला हे लागू पडत नाही. १३ ते १७ वयोगटातल्या ज्या रुग्णांच्या लसीची लेखी नोंद मिळाली, त्यांपैकी ८९ टक्क्यांनी दोन्ही डोस घेतले होते आणि ८ टक्क्यांनी एक. आईबापांनी सांगितलेलं सगळं केलं होतं.

टेबलाच्या पलीकडचा

साथीचा तपास करणाऱ्यांसमोर दोन आकडे होते. रुग्णांपैकी ९७ टक्के सनातनी ज्यू होते आणि ७८ टक्के पुरुष किंवा मुलगे. मला हे दोन आकडे साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतात.

ब्रुकलिन हे बंद गाव नव्हे. तिथे वेगवेगळ्या समाजांची माणसं एकाच रस्त्यावर राहतात, त्याच बसने जातात, त्याच दुकानांत रांग लावतात. तरीही साडेतीन हजार रुग्णांत या समाजाबाहेरचे जेमतेम १०० च्या आसपास. मुलींचं बघा. त्याच घरातल्या, त्याच जेवणाच्या टेबलावर बसणाऱ्या, तीच लस त्याच वयात घेतलेल्या बहिणी भावांच्या मानाने कितीतरी कमी आजारी पडल्या.

फरक शाळेत होता. या समाजातली मोठी मुलं धर्मशाळेत, म्हणजे येशिवात, जोडीने शिकतात. दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात, मध्ये ग्रंथ उघडा. एक जण ओळ वाचतो, अर्थ लावतो, दुसरा तो खोडतो. आवाज चढतात, हातवारे होतात, पुढे झुकून बोलणं होतं. या पद्धतीला खावरुसा म्हणतात. एका मोठ्या दालनात अशा कितीतरी जोड्या एकाच वेळी बोलत असतात, दिवसाचे अनेक तास हे चालतं आणि दिवसभरात जोडीदारही बदलतात. मुलींच्या शाळांत शिकवण्याची रीत अशी नसते.

गालगुंडाचा विषाणू लाळेत असतो. कुणी तावातावाने बोलताना समोर बसून पाहिलं आहे का? तिरप्या उन्हात ते थेंब दिसतात. बसमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून जो विषाणू येतो तो एखाद्-दुसऱ्या थेंबातून, घटकाभर. खावरुशात तो तासन् तास, हातभर अंतरावरून, थेट तोंडावर येतो.

लसीने मिळणारं संरक्षण आपण दार उघडं किंवा दार बंद असं समजतो. ते खरं तर नदीकाठच्या बांधासारखं आहे. नेहमीच्या पुराला बांध पुरतो, पण पाणी त्याच्या माथ्यावरून गेलं तर वाहतं. म्हणून बांध कुचकामी होता असं कुणी म्हणत नाही. पाणी किती आलं हे आधी विचारतात. या साथीचा सविस्तर अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्षही याच दिशेचा आहे: फार जवळच्या, फार दीर्घ संपर्काने लसीचं संरक्षण ओलांडलं, आणि जिथे संपर्क इतका तीव्र नव्हता तिथे त्याच लसीने साथ अडवली.

ताणाचा मुद्दा

या प्रकरणावर एक पर्यायी स्पष्टीकरण नेहमी पुढे येतं आणि त्यात तथ्य आहे. लसीतला विषाणूचा ताण, म्हणजे त्याचा विशिष्ट वाण (स्ट्रेन), जुना आहे. मार्च १९६३ मध्ये फिलाडेल्फियात मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाची पाच वर्षांची मुलगी, जेरिल लिन, सुजलेला गाल घेऊन रात्री वडिलांकडे आली. त्यांनी तिच्या घशातून स्वॅब घेतला, प्रयोगशाळेत नेऊन ठेवला, आणि मग तो विषाणू कोंबडीच्या भ्रूणात पुन्हा पुन्हा वाढवून इतका मवाळ केला की तो आजार न देता प्रतिकारशक्ती देईल. १९६७ मध्ये लसीला परवाना मिळाला. अमेरिकेत आजही तोच ताण वापरतात आणि त्याचं नावही जेरिल लिन. लसीपूर्वी त्या देशात वर्षाला सरासरी १,८६,००० रुग्ण नोंदले जायचे. एका मुलीच्या घशातल्या कापसाच्या बोळ्याने हा आकडा कुठल्या कुठे आणून ठेवला. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

हा ताण ए या जनुकीय प्रकारातला. न्यूयॉर्कच्या साथीतला विषाणू जी प्रकारातला. लसीने तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) जी प्रकाराला निष्प्रभ करतात, पण ए प्रकाराइतक्या जोमाने नाही. मग दोष जुन्या ताणाचाच, नाही का?

मला तसं वाटत नाही, निदान या साथीत तरी. ताण न जुळणं हे मुख्य कारण असतं तर ते बहिणींनाही तितकंच लागू होतं आणि शेजाऱ्यांनाही. विषाणू सगळ्यांसाठी जी प्रकाराचाच होता, लस सगळ्यांची ए प्रकाराचीच. वेगळी होती ती फक्त बसण्याची जागा. ताणातल्या फरकाने बांध थोडा खाली आणला असेल, काळ लोटल्याने आणखी थोडा. पाणी मात्र टेबलाच्या पलीकडून आलं.

रुग्णांत लसवंत जास्त का

८९ टक्के रुग्णांनी दोन डोस घेतले होते, हे वाक्य एकटं वाचलं तर घाबरवतं. समाजमाध्यमांवर ते तसंच एकटं फिरवलं जातं. म्हणून विद्यार्थ्यांना मी फळ्यावर एक हिशेब मांडायला लावतो. आकडे मानलेले आहेत, समजण्यापुरते.

एका शाळेत १,००० मुलं आहेत. ९५० जणांनी दोन डोस घेतले, ५० जणांनी एकही नाही. समजा लस न घेतलेल्या १०० तल्या ३० जणांना गालगुंड होतं. मग ५० तल्या १५ जणांना होईल. दोन डोसांचा प्रभाव सर्वसाधारणपणे ८८ टक्के धरतात, म्हणजे एरवी आजारी पडणाऱ्या त्या ३० पैकी ८८ टक्के वाचतात. म्हणजे लस घेतलेल्या १०० तल्या साडेतीन-चार जणांना होईल, ९५० तल्या साधारण ३४ जणांना. एकूण रुग्ण ४९, त्यातले ३४ लस घेतलेले. रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के लसवंत, आणि तरीही लस न घेतलेल्या मुलाला धोका आठपट!

हिशेब संपला की वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. ती शांतता मला आवडते.

लसीचा उपयोग आणखी एका जागी दिसला. वयात आलेल्या मुलांमध्ये गालगुंडाची सगळ्यात त्रासदायक गुंतागुंत म्हणजे वृषणाला येणारी सूज. लस नसलेल्या, वयात आलेल्या पुरुषांत तिचं प्रमाण १५ ते ३० टक्क्यांपर्यंत जातं. या साथीत १२ वर्षांवरच्या मुलग्या-पुरुषांपैकी ७ टक्क्यांना, म्हणजे १२० जणांना ती झाली, आणि दोन डोस घेतलेल्यांपेक्षा लस न घेतलेल्यांत स्पष्टपणे जास्त. ज्याला झाली त्याच्या वेदना कमी होत्या असं मी म्हणणार नाही. पण १२० च्या जागी काय आकडा असता, हा विचार करावाच लागतो.

निदानाची अडचण

लस घेतलेल्या मुलात गालगुंड सिद्ध करणं अवघड असतं. रक्तातली आयजीएम प्रतिपिंडं, ज्यांवर आपण ताज्या संसर्गासाठी भिस्त ठेवतो, ती अशा मुलांत पुष्कळदा वाढतच नाहीत, कारण शरीराची या विषाणूशी जुनी ओळख असते. म्हणून गालाच्या आतून स्वॅब घेऊन पीसीआर करावी लागते. त्याचीही रीत आहे. आधी कानापुढची लाळग्रंथी बाहेरून ३० सेकंद हलक्या हाताने चोळायची, म्हणजे लाळ नळीतून तोंडात उतरते. मग वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला, जिथे त्या नळीचं तोंड उघडतं तिथून स्वॅब फिरवायचा. ग्रंथी न चोळता घेतलेला स्वॅब बऱ्याचदा वाया जातो. सूज आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत घेतला तर उत्तमच.

न्यूयॉर्कच्या साथीत १,६४८ रुग्णांचे नमुने तपासले गेले आणि त्यांतले निम्मेच प्रयोगशाळेत सिद्ध झाले. चाचणी नकारार्थी आली म्हणून गालगुंड नाही असं म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी रुग्णाला सांगायला हवं. नाहीतर मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसतो. सूज दिसल्यापासून पाच दिवस त्याने घरी राहावं हा नियम. त्यालाही मर्यादा आहे, कारण सूज यायच्या दोन दिवस आधीपासून विषाणू लाळेतून बाहेर पडत असतो आणि काहींना तर सूज येतच नाही.

तिसरा डोस

जानेवारी २०१० पर्यंत साथ चालूच होती. आजारी मुलांना घरी ठेवून भागत नव्हतं, शाळा बंद ठेवणं त्या समाजाला मान्य होण्यासारखं नव्हतं आणि दोन डोस जवळपास सगळ्यांना दिलेले. मग ऑरेंज काउंटीतल्या एका गावात आरोग्य खात्याने असा उपाय करायचं ठरवलं जो तोवर शिफारशीत नव्हता: एमएमआरचा तिसरा डोस. शिफारस नसल्यामुळे तो रीतसर अभ्यास म्हणून, पालकांच्या संमतीने द्यावा लागला.

तीन शाळांतले सहावी ते बारावीचे २,२६५ विद्यार्थी पात्र होते. त्यांतल्या २,१७८ जणांकडे आधीच्या दोन डोसांचा लेखी पुरावा होता. नुसतं "घेतलेत" असं सांगणं नव्हे, कागद होता. आपल्याकडे एखाद्या शाळेत उद्या असा तपास लागला तर किती कार्डं बाहेर येतील, हे मनात आल्यावाचून राहत नाही. त्या २,१७८ पैकी १,७५५ जणांनी, म्हणजे ८०.६ टक्क्यांनी, तिसरा डोस घेतला. त्रास झाला तो किरकोळ. पाहणीला उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्क्यांनी काहीतरी जाणवल्याचं सांगितलं, मुख्यतः टोचलेल्या जागी दुखणं किंवा लाली आणि अंगदुखी.

पुढच्या आठवड्यांत गावातलं गालगुंडाचं प्रमाण ७५.६ टक्क्यांनी उतरलं. ११ ते १७ या वयात, म्हणजे ज्यांना डोस दिला त्या गटात, ते ९६ टक्क्यांनी उतरलं.

इथे उतावळेपणा करू नये. डोस न मिळालेल्या वयोगटांतही रुग्ण घटले, आणि साथ तेव्हा आपोआपच ओसरत असण्याची शक्यता होती. शेजारी तुलनेसाठी डोस न दिलेला सारखाच गट नव्हता. शाळकरी मुलांनी आजार घरी नेणं थांबवलं म्हणून धाकटी भावंडं वाचली असंही म्हणता येतं, आणि सगळीकडेच भर ओसरला असंही. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच ही मर्यादा लिहून ठेवली.

पक्कं उत्तर मिळायला आणखी पाच-सहा वर्षं गेली. २०१५-१६ मध्ये आयोवा विद्यापीठात साथ आली. २०,४९६ विद्यार्थी, २५९ रुग्ण, आणि ९८ टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांचे किमान दोन डोस आधीच झालेले. साथीदरम्यान ४,७८३ जणांनी तिसरा घेतला. आता एकाच आवारात, त्याच महिन्यांत, दोन गट समोर होते. तीन डोसवाल्यांत हजारी ६.७ रुग्ण, दोन डोसवाल्यांत हजारी १४.५. आणि ज्यांचा दुसरा डोस १३ किंवा अधिक वर्षांपूर्वीचा, त्यांना धोका अलीकडे घेतलेल्यांच्या मानाने नऊपटीहून जास्त. बांध वर्षागणिक कसा खचतो, हे इथे उघड झालं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने साथीच्या काळात, आरोग्य खात्याने ठरवलेल्या जोखमीच्या गटाला तिसरा डोस द्यावा अशी शिफारस केली. ऑरेंज काउंटीतल्या त्या पालकांच्या सह्यांवाचून ही वाट सुरू झाली नसती.

आपल्या कार्डावर

आपल्या सरकारी लसीकरणात २०१७ पासून गोवर-रुबेलाची एमआर लस आली. तिच्यात गालगुंड नाही. पुण्यात तयार होणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एमएमआरमध्ये गालगुंडाचा लेनिनग्राड-झाग्रेब हा ताण असतो. ती जगात कितीतरी देशांत जाते, पण पुणे जिल्ह्यातल्या अंगणवाडीत येणाऱ्या बाळाला सरकारी लसीकरणात मिळत नाही. २०२३ च्या अखेरीपासून २०२४ मध्ये केरळात गालगुंडाची मोठी साथ आली, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी एमआरच्या जागी एमएमआर द्या ही मागणी पुन्हा लावून धरली. मी त्या मागणीच्या बाजूने आहे. परवडतं त्याने खाजगीत घ्यायची, इतरांनी नाही, अशी अर्धी व्यवस्था वाईटच, आणि केवळ न्यायाच्या दृष्टीने नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही बजावलं आहे की लस ८० टक्क्यांहून कमी बाळांपर्यंत पोचत राहिली तर आजार लहानपणी टळून मोठ्या वयात गाठू शकतो. आणि वृषणाची सूज येते ती वयात आल्यावर.

बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या वेळापत्रकात एमएमआरचे तीन डोस आहेत: ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं. पालक विचारतात, मग अमेरिकेतला तिसरा डोस आमचा झालाच की? नाही. आपला पहिला डोस ९ महिन्यांचा, तेव्हा आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळात थोडी शिल्लक असू शकतात आणि लस तितकीशी धरत नाही. आपला तिसरा डोस वयाच्या हिशेबाने त्यांच्या दुसऱ्याच्या जागी येतो. येशिवातल्या मुलांनी तिसरा घेतला तो सहावी ते बारावीत असताना.

त्या आईला मी म्हटलं, "ताई, लस फुकट गेली नाही. पाच दिवस शाळा नको, पाणी भरपूर, आंबट काही देऊ नका, दुखेल. आणि खाली सूज किंवा दुखणं आलं तर त्याने लाजून लपवायचं नाही, लगेच यायचं." मुलाने मान हलवली. मग त्याला विचारलं, क्लासला कुठे बसतोस?

"वादविवाद स्पर्धेची तयारी चाललीये. दोघं दोघं समोरासमोर बसवतात सर."

केसपेपरवर लसीच्या नोंदीखाली मी तेही लिहिलं, आणि त्याच्या जोडीदाराचा फोन नंबर मागून घेतला.